आठव्या महिन्यात लपवलेली बातमी

प्रिय सुमनवहिनी,

तुम्हाला जाऊन आज चार दिवस झाले आणि मंजूला अजून कुणी सांगितलेलं नाही. तुमच्या लेकीला! लग्नानंतर दहा वर्षांनी दिवस राहिलेत, आठवा महिना चालू आहे, म्हणून. दादा म्हणाला, "शैला, बाळंतपण होऊ दे. तोवर तू सांभाळ." आणि मी रोज नाशिकला फोनवर सांगते आहे, आईचा घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलू नको म्हटलंय.

आज दुपारी ती म्हणाली, "आत्या, घसा बसला तरी हूं म्हणता येतं ना?" मी फोन ठेवला आणि कागद घेतला. दुसऱ्या कुणाला लिहू? हे सगळं आपल्या घरात आधी एकदा झालेलं आहे, आणि ते तुमच्या बाबतीत झालं.

अठ्ठ्याहत्तरचा पावसाळा. नामांतरावरून मराठवाडा पेटलेला, गावोगाव दलितांची घरं जळत होती, एसटी बंद. तुम्ही गंगाखेडला आमच्या घरी सात महिन्यांच्या, चुडाव्याला माहेरी जायची ट्रंक भरून ठेवलेली. तेवढ्यात तुमच्या बाबांच्या छातीत कळ आली आणि ते गेले. निरोप दादाच्या कचेरीत आला. आईनं आम्हा दोघांना स्वयंपाकघरात ओढलं. "पोटुशीला मयताची बातमी सांगत नसतेत. लेकराच्या जिवाला लागतं. तोंडं शिवा!"

लेकराच्या जिवाला लागतं, हे तिला बरोबर ठाऊक होतं. उपाय मात्र उलटा काढला.

बाबा दर आठवड्याला पत्र टाकायचे. ते आलं नाही तर तुम्हाला कळणार. मग मीच पुढे झाले. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी दहा वर्षं अक्षर घोटून घेतलेलं. कुणाचंही वळण मी उचलायचे. तीन पत्रं लिहिली मी, वहिनी. खोटं बोलणं पाप, हेही त्याच सिस्टरांनी शिकवलं होतं. पण हे दयेचं खोटं आहे, असं मनाला पटवलं. पोस्टाचा शिक्का कुठून आणणार? म्हणून, तिकडून येणाऱ्या माणसानं आणून दिलं, असं सांगायचं.

पहिलं वाचून तुम्ही हसलात. दुसऱ्याला म्हणालात, "वन्सं, बाबा असं गोड कवा लिहायलेत? पाणी उकळून पी, वेंधळेपणा करू नको, एवढंच लिहितेत ते. लय आजारी हायेत का?" तिसऱ्याला हसलाही नाहीत. "पत्र आणणाऱ्याला वाट सापडती, मग मला नेणाऱ्याला का न्हाई? बाबालाच मी नको झाले असंल."

आणि मी काय केलं? "काहीतरीच तुमचं!" म्हणून हसले. त्या दिवसापासून तुमचं ताट जसंच्या तसं परत यायला लागलं. तुम्ही दाराकडे बघत बसायचात. आम्ही आपसात म्हणायचो, बघा, सांगितलं नाही तेच बरं केलं! इतके कसे आंधळे होतो आम्ही?

मंजू महिनाभर आधीच आली. मूठभर जीव. दाराची कडी वाजली तरी दोन्ही हात फेकून दचकायची. दोन महिन्यांनी तिला घेऊन तुम्ही चुडाव्याला गेलात आणि उंबऱ्यातच तुमच्या आईचं मोकळं कपाळ पाहिलंत. परत आल्यावर एवढंच विचारलंत, "ती पत्रं कोणाची होती, वन्सं?" मी खाली पाहिलं. "बरं," म्हणालात, आणि चूल पेटवायला गेलात.

तीन वर्षांची होईतो मंजू बोलली नाही. परभणीच्या डॉक्टरांनी विचारलं, "गरोदरपणी मनावर काही ताण होता?" मी शेजारीच बसले होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. "होता थोडा," म्हणालात. डॉक्टर म्हणाले, आईच्या मनाचा ताण पोटातल्या बाळापर्यंत पोहोचतो, पण एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. त्यातला तो "पण" मी इतकी वर्षं घट्ट धरून बसले.

रागवायचं होतंत की एकदा! भांडी आपटायची, चारचौघांत माझी लाज काढायची! तुम्ही उलट मंजूला माझ्याच मांडीवर देत राहिलात. "तुमी शिकवा वन्सं, तुमचंच ऐकती ती." एकेक शब्द करत ती बोलली, शाळेत मागे पडली, सावरली. पण अजूनही कुणी चाहूल न देता मागून आलं की तिच्या चेहऱ्याचा रंग उडतो. यात माझं किती, वहिनी? हे तुम्हाला विचारायला हवं होतं. धीर झाला नाही.

आणि त्याच मंजूशी मी पुन्हा तेच केलं! तुमचं शेवटचं दर्शन तिला मिळालं नाही, ते आता कशानंही भरून यायचं नाही. बातमीनं धक्का बसेल, खरं आहे. पण जावई सांगतात, दोन दिवस ती धड जेवलेली नाही, सारखा फोन हातात. न सांगण्यानं काय होतं, हे मला कळायला नको होतं का?

आता लपवायचं नाही, असं दादाला आत्ताच सांगून आले. आधी चिडला, मग रडला. जावई तिच्या डॉक्टरांशी बोलून उद्या घरीच थांबणार आहेत. सकाळच्या गाडीनं मी नाशिकला निघते आहे. तिच्याजवळ बसेन, हात धरीन आणि पहिल्याच वाक्यात सांगेन की तुझी आई गेली. मग ती जे विचारील त्याचं खरं उत्तर देईन, चार दिवसांचंही आणि अठ्ठ्याहत्तरचंही. ती रडेल तेव्हा "बाळासाठी गप्प राहा" असं म्हणणार नाही. आणि तिचं बाळंतपण होईपर्यंत तिथून हलणार नाही, वहिनी, तिनं मला जा म्हटलं तरी.

तुमची वन्सं,
शैला