काळ्या कोटावर धूळ आढळली नाही

मी, बळवंतराव गणपतराव धुमाळ, वय वर्षे शहात्तर, शिक्षण मराठी चौथी (उत्तीर्ण, पाचवीत गेलो नाही आणि पाचवीत नापास झालो, या दोहोंत फरक आहे), मकरपुऱ्याच्या एका कारखान्याच्या मुख्य फाटकाचा निवृत्त जमादार, राहणार तरसाली, बडोदे, पूर्ण शुद्धीवर असताना व कोणाच्याही दडपणाखाली नसताना लिहून देतो की, मी पत्नीपेक्षा कोंबड्यांना अधिक मानतो हा आपला आरोप सर्वस्वी खोटा आहे.

राजमान्य राजेश्री पिलाजीराव जगदाळे, मुक्काम कराड, यांस त्यांच्या भगिनीच्या यजमानांचा नमस्कार. आपला गुडघा आता जिना चढू देतो की नाही, ते कळवावे. आपल्या मंडळींची रक्तातील साखर उतरली असेल अशी आशा करतो. म्हैस व्याली असल्यास तिचेही क्षेमकुशल कळवावे. आपल्या घरी संक्रांतीपासून मुक्कामास असलेल्या सौ. सुनंदाबाई कशा आहेत, हे मी विचारीत नाही. त्यांचा खोकला कसा आहे एवढेच विचारतो, कारण तो या प्रकरणातील पुरावा आहे.

आपण परवा फोनमध्ये बोलून पाठविलेले वाक्य पोहोचले. ("दाजी, एकदाचं काय ते ठरवा, बायको पायजे का कोंबड्या!") सूनबाई रूपाली हिने ते स्वयंपाक करता करता मोठ्या आवाजात लावले. शेजारच्या धवलभाईंनी कुंपणापलीकडून "बायडी, काका, बायडी!" असे त्याला परस्पर उत्तरही दिले. (चिरंजीव नोकरीनिमित्त दहेजला असतात, म्हणून अब्रूचा एक पंचनामा कमी झाला.) मी तेथल्या तेथे उत्तर देऊ शकलो असतो. परंतु फोनवर सही करता येत नाही, म्हणून हे पत्र.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की कोंबड्या मी विकत आणलेल्या नाहीत, मागितलेल्याही नाहीत. गतवर्षी माझ्या पंच्याहत्तरीस आपण जीपगाडीने सहकुटुंब आलात, आणि गाडीतून पाच गावरान कोंबड्यांची दुरडी उतरविलीत. सोबत सुके खोबरे आणि कांदा-लसूण मसाल्याची पुडी होती. बायकोच्या माहेरून आलेला आहेर कसा स्वीकारावा हे आमच्या घराण्यात कोणी शिकवावे लागत नाही. मी जेवणाच्या पंगती थांबविल्या, फेटा नीट केला, चाळीस माणसांसमक्ष उभा राहिलो आणि दुरडी दोन्ही हातांनी घेतली. सौ. सुनंदाबाईंना कोंबड्यांचे औक्षण करावयास सांगितले. निरांजन फिरविताना त्या दोनदा थांबून आपल्याकडे पाहत राहिल्या. मी ती माहेरची ओढ समजलो. आपणही श्रीखंड-पुरी खाताना वारंवार दुरडीकडे पाहत होता व आपले डोळे ओले झाले होते, हे मी विसरलेलो नाही. असा आहेर माणूस परत करतो काय? आपण आज "कोंबड्या काढा" म्हणता, तेव्हा आपण स्वतःचाच अपमान करण्यास मला सांगत आहात, आणि ते माझ्याच्याने होणार नाही.

म्हणून गच्चीवर खुराडे बांधले. त्यात जमिनीवर काहीतरी अंथरावेच लागते, नाहीतर कोंबड्यांचे पाय बिघडतात आणि वासाने माणसांची डोकी बिघडतात. अंथरुणाच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. माझे आजोबा सरकारी पागेत घोड्यांखाली गवत अंथरण्याच्या कामावर होते. (काही नातेवाईक त्यांना "मोतद्दार" म्हणतात. मोतद्दार घोडा धरतो. आजोबा अंथरीत असत. घोडा उभा कोणीही करील. घोडा ज्याच्या भरवशावर आडवा होतो, तो माणूस वेगळा.)

पहिल्याने वखारीतून लाकडाचा भुसा आणला. दिसावयास मऊ, पण तो भुसा नव्हे, ते पीठ होते. तांबडी कोंबडी (पाचांत ती थोरली, स्वभावाने आपल्यावर गेली आहे) पायाने उकरू लागली की गच्चीवर ढग उभा राही. धवलभाईंच्या मातोश्रींनी वाळत घातलेले पापड त्या दिवसापासून मसाला पापड झाले. सौ. सुनंदाबाई खोकू लागल्या त्या याच सुमारास. खोकत आणि पदराने तोंड पुसून खाली जात. डॉक्टरांनी सांगितले की यांच्या घशाला धूळ चालणार नाही. कोंबड्या ठेवा की काढा, धूळ मात्र काढा. हे वाक्य आपण नीट वाचावे. डॉक्टरांनी कोंबड्यांना दोष दिलेला नाही.

मग मी भाताचे तूस आणले. ते भुशापेक्षा जाड आणि स्वच्छ असते, हे खरे. पण तूस हलके असते आणि बडोद्यात संक्रांतीला पतंगांचे उत्तरायण असते, या दोन गोष्टी मी एकत्र धरल्या नाहीत. त्या दिवशी झाडून सारी सोसायटी गच्च्यांवर होती, पतंग वर, उंधियाचे पातेले खाली. तांबडीने नेमके तेव्हाच उकरावयास घेतले आणि वारा आला. धवलभाईंच्या घरचे पातेले उघडे होते. "काका, आ शूं? उंधियामां भूसो?" असे ते ओरडले. मी ताबडतोब दुरुस्ती केली की तो भुसा नसून तूस आहे. यावर लोक का हसले हे मला अद्याप समजलेले नाही. तूस उडाले हे मला मान्य आहे. ते उंधियात पडले हे वाऱ्याचे कृत्य आहे. मात्र त्या संध्याकाळी सौ. सुनंदाबाईंचा खोकला थांबेना, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली. जाताना म्हणाल्या, "कोंबड्यांना पाणी वेळेवर द्या." मला पाणी कोणी द्यावे, ते बोलल्या नाहीत.

त्यानंतर रूपालीने सुचविले, "बाबा, रद्दी कापून घाला ना, त्याला कुठे धूळ असते?" सूचना विचारी होती; परंतु छापील अक्षरावर मी स्वतः कधी पाय दिलेला नाही, तेथे कोंबड्यांना कसा देऊ देईन? (आणि कोंबड्या केवळ पायच देतात असे नाही.) म्हणून मी वर्तमानपत्रांच्या कडेचा कोरा भाग तेवढा कात्रीने कापू लागलो. आठवडाभर कापून जो ढीग झाला, त्यावर एक कोंबडी बसली, चार उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्याचा ओला लगदा झाला. रूपाली म्हणाली, "बाबा, तुम्ही कोंबड्यांना साक्षर करताय की झोपवताय?" सून शिकलेली आहे, बोलू द्यावे.

शेवटी मार्ग सापडला तो माझ्या बुद्धीने, असे मी अभिमानाने नमूद करतो. घडियाळी पोळ नावाच्या गल्लीत जुन्या ओळखीचा एक सुतार आहे. तो रंधा मारीत असताना मी समोर बसलो होतो, आणि माझ्या ध्यानात आले की करवतीतून पीठ पडते, पण रंध्यातून पडतात ते लांब, गुंडाळलेले छिलपे. ते उडत नाहीत. हातात चुरगळले तर पुन्हा उलगडतात. मी दोन पोती छिलपे रिक्षात घालून आणली. (रिक्षावाला "काका, लग्ननी सजावट?" म्हणाला. मी होय म्हटले. प्रत्येकाला सर्व सांगत बसणे शक्य नाही.) त्यातही तळाशी थोडी भुकटी असतेच, म्हणून गच्चीच्या कोपऱ्यात वाऱ्याच्या उलट दिशेने उभे राहून सर्व छिलपे चाळून घेतले. तेवढ्यात रूपाली वर आली. "बाबा! ती पिठाची चाळण आहे!" मी म्हणालो, "होती." त्या रात्रीच्या पोळ्या न चाळलेल्या पिठाच्या होत्या.

आता मुख्य पुरावा. छिलपे वीतभर जाड अंथरले, ओले होतील तेवढे रोज सकाळी काढून कोरडे घालण्याचा नियम केला, आणि मग धूळ उरली की नाही हे ठरविण्यासाठी पेटीतून माझा बंद गळ्याचा काळा कोट काढला. हा कोट मी लग्नाला आणि निवृत्तीच्या समारंभाला, असा दोनदाच घातला आहे. काळ्या कोटासमोर धूळ खोटे बोलू शकत नाही. तो घालून, गळ्यापर्यंत गुंड्या लावून, मी खुराड्यात स्टुलावर बसलो. रूपालीने दाणे टाकून कोंबड्यांना उकरावयास लावले. तांबडीने आपल्याकडून काही कमी केले नाही. धवलभाई शेजारच्या गच्चीवरून निरीक्षण करीत होते व "काका, वरराजा जेवा लागो छो" असे म्हणत होते. नवरदेव दिसण्याचे हे वय नव्हे, हे मी त्यांना तेथूनच सांगितले. मला मध्येच एक शिंक आली. ती त्यांच्या स्वयंपाकघरातील फोडणीची होती, हे त्यांनी स्वतः कबूल केले आहे. दुपार उतरली तेव्हा मी बाहेर आलो. रूपालीने कोटावरून ओला पांढरा रुमाल फिरविला. रुमाल पांढराच राहिला. (पाठीवर एक डाग होता. तो धुळीचा नव्हता. तो तांबडीचा होता, आणि तो धुतला आहे.)

तेव्हा पिलाजीराव, आपल्या प्रश्नास माझे उत्तर असे आहे की प्रश्नच चुकीचा आहे. मी दोन्ही ठेवणार. आहेर परत करणार नाही, आणि आपल्या भगिनीला खोकू देणार नाही. यापैकी एक सोडा असे सांगणाऱ्यासमोर मी झुकणार नाही, मग तो मेव्हणा असो की शेजारी.

कळावे, लोभ आहेच. पण मत बदललेले नाही.

ता. क. — वरील पुराव्यानंतर सौ. सुनंदाबाईंनी कराडास राहण्याचे कारण उरत नाही. मी त्यांना बोलावीत नाही. एवढेच कळवितो की गाडी सकाळी येते आणि सकाळी मी तसाही फिरावयास स्टेशनपर्यंत जातो. (तरसालीपासून स्टेशन लांब आहे हे मला माहीत आहे. प्रकृतीसाठी लांब चालावे लागते.) चहा मी स्वतः करू शकतो. तो पिता येत नाही, ही वेगळी बाब.

आणखी ता. क. — पाकीट डिंकाने बंद केले होते, ते पुन्हा उघडावे लागले. रूपालीने कोटाची हकीकत सांगावयास कराडास फोन लावला, आणि सौ. सुनंदाबाई इतक्या हसल्या की मला जिन्यापर्यंत ऐकू आले. (खोकला ऐकू आला नाही, नोंद घेतली आहे.) मग त्या म्हणाल्या, "अगं, ती दुरडी आहेर नव्हतीच. दादानं रश्श्यासाठी आणल्या होत्या कोंबड्या. पण हे फेटा सावरून उभे राहिले, मला औक्षण करायला लावलं. चाळीस माणसांत मी काय तोंड उघडणार? त्यांची मान खाली गेली असती."

खोबरे आणि मसाला मला तेव्हाच कळावयास हवे होते, असे आपण म्हणाल. म्हणू नये. म्हणजे त्या सारे महिने खोकल्या, पण बोलल्या नाहीत. याचा अर्थ काय होतो हे चौथी शिकलेल्या माणसालाही कळते; तो येथे लिहिण्याची गरज नाही. बाकी, जे धुमाळांनी फेटा बांधून दोन्ही हातांनी घेतले ते आहेरच. रश्श्याचे पुन्हा नाव काढू नये, तांबडीसमोर तर नाहीच. सौ. सुनंदाबाईंना लवकर पाठवावे. सोबत मसाला पाठवावा, उत्तम होता. जिवंत काही पाठवू नये. आता माझ्याकडे फेट्याला एक नियम लागला आहे, तो असा की दुरडीत काय आहे ते आधी विचारावे.

काळ्या कोटाच्या चाचणीस हजर असलेले साक्षीदार:

रूपाली धुमाळ, सूनबाई. सही केली. (चाळणीबाबतची तक्रार राखून.)

धवलभाई, शेजारी. सही गुजरातीत केली. फोडणीची जबाबदारी मान्य.

तांबडी. हजर, सही घेतलेली नाही.

सौ. सुनंदाबाई बळवंतराव धुमाळ. गैरहजर. जागा मोकळी ठेवली आहे. कोट खुंटीवर तसाच टांगलेला आहे. त्यांनी स्वतः येऊन, हात फिरवून पाहावा आणि मग सही करावी.