दोनशे बारा कड्या

३ मार्च, सोमवार

एका कुलपाला चार नावं! आज मोजली मी. कुलूप, कडी, खिट्टी, अडसर. आणि पान सत्तावीसवर कुणा थकल्या जिवानं सरळ ‘ती अडकवायची गोष्ट’ असं लिहून टाकलंय.

आमची कंपनी लिफ्ट बनवते. प्रत्येक लिफ्टच्या पोटात एक छोटा कॉम्प्युटर, त्यावर आमची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम, आणि त्या सिस्टिमच्या कोडचं हे सहाशे पानी माहितीपुस्तक. तीस वर्षांत ज्याच्या मनाला येईल त्यानं येईल तो शब्द वापरलाय. माझं काम – एका गोष्टीला एकच नाव, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. एकतीस तारखेला माझी तीन महिन्यांची मुदत संपते. मग साहेब ठरवणार, पक्की की घरी.

ऑफिसात सगळे मला ‘सूनबाई’ म्हणतात. कारण ही सिस्टिम मुळात लिहिली माझ्या सासऱ्यांनी. म्हणजे वशिला! परीक्षा दिली, मुलाखत दिली, पण नाही – वशिलाच. यांना एकदा दाखवायचंय मला.

५ मार्च, बुधवार

बाबांना विचारलं, पुस्तकात इतके शब्द कशाला हो? पेपरातून मान वर न करता म्हणाले, “मी कोड लिहायचो. पुस्तक-बिस्तक व्हायचं आपोआप.” आपोआप! काय पण जमाना होता.

सासूबाई डब्यांना नव्या चिठ्ठ्या चिकटवत बसल्या होत्या. आमच्या स्वयंपाकघरात चिठ्ठीशिवाय डबा दाखवा आणि बक्षीस मिळवा. साखरेचे दोन डबे – ‘साखर, रोजची’ आणि ‘साखर, पाहुण्यांची’. मी म्हटलं, आई, साखर ती साखर! तर म्हणाल्या, “रोजची ओले चमचे घालून गोळा झालेली असते. पाहुण्यांना ती देशील?”

६ मार्च, गुरुवार

मोहीम सुरू. खिट्टी गेली, अडसर गेला, ‘ती अडकवायची गोष्ट’ तर वाजतगाजत गेली. उरले दोन, कडी आणि कुलूप. दोन्ही शब्द सगळीकडे. एकाच परिच्छेदात वर कडी, खाली कुलूप. खरं म्हणजे हे चष्मेवालीला विचारायला हवं होतं. ती आमची सगळ्यात हुशार प्रोग्रॅमर, पण ती सोमवारपर्यंत रजेवर. साहेब म्हणाले, “शब्द हे तुमचं खातं, तुम्ही ठरवा.”

ठरवलं! कुलूप. एक बटण दाबलं आणि दोनशे बारा कड्या एका दमात गायब. इतकं स्वच्छ वाटलं की कॅन्टीनमध्ये जाऊन स्वतःलाच कॉफी पाजली.

७ मार्च, शुक्रवार

सर्दी. बाकी काही नाही.

११ मार्च, मंगळवार

चष्मेवाली रजेवरून आली. लिफ्टच्या दारांचा कोड ती नव्यानं लिहितेय, माझं पुस्तक शेजारी उघडं ठेवून. म्हणाली, “पहिल्यांदाच हे पुस्तक वाचताना डोकं दुखलं नाही गं.” मी हवेत! घरी येऊन नवऱ्याला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला लागले तर तो कचरा टाकायला खाली गेला.

१४ मार्च, शुक्रवार, दुपार

साहेब चाचणीच्या लिफ्टमध्ये अडकलेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये. वीस मिनिटं झाली – आतून बुक्के मारतायत.

१४ मार्च, संध्याकाळ

चाळीस मिनिटांनी निघाले. टाय सुटलेला, केस विस्कटलेले. कुणी हसलं नाही. मला हसू आलं होतं, पण चष्मेवालीनं कारण सांगितलं आणि तोंडचं पाणी पळालं.

कडी आणि कुलूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत! कॉम्प्युटरमध्ये एकाच वेळी अनेक कामं चाललेली असतात. एखाद्या वस्तूला दोघांनी एकदम हात लावू नये म्हणून पहिला ती अडवून ठेवतो. कडी अगदी क्षणभराची. दुसरा आला की तो दारातच उभा राहून खडखडवत राहतो, आत्ता उघडेल म्हणून. कुलूप मोठ्या कामाचं. दुसरा आला की तो निरोप ठेवून झोपतो, काम झालं की त्याला उठवतात. कुलूप लावून आतला थोडा झोपला तरी चालतं. कडी लावून झोपला तर संपलं. बाहेरचे सगळे खडखडवत बसतात आणि त्याला उठवायला कुणी मोकळंच राहत नाही.

दाराच्या कोडमध्ये मूळची कडी होती, ती तशीच राहिली. चष्मेवालीनं माझ्या पुस्तकात ‘कुलूप’ वाचलं आणि निवांत आत झोपायची सोय करून दिली. लिफ्टनं साहेबांना घेऊन डुलकी काढली.

मी साहेबांच्या खोलीत जाऊन सांगितलं. चूक तिची नाही, माझी. ते टाय नीट करत होते. “कुणाला विचारलं नाहीत?” नाही. “पुढच्या शुक्रवारपर्यंत सगळं जागच्या जागी पाहिजे. मग बघू, एकतीस तारखेचं.”

एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

१७ मार्च, सोमवार

वाटलं होतं सोपं आहे. पुस्तकाची जुनी प्रत काढायची, बदल उलटे फिरवायचे. कसलं काय! जुन्या प्रतीतही मधल्या वर्षांतल्या लोकांनी दोन्ही शब्द वाट्टेल तसे फेकलेत. फरक कुठेच लिहिलेला नाही. म्हणून तर मी फसले ना! चष्मेवाली कोड बघून सांगू शकते, पण काही ठिकाणी तिचीही पंचाईत. मुळात काय ठरलं होतं, तेच कुणाला ठाऊक नाही.

जेवताना बाबांना विचारलं. “फरक होता खरा. पण नेमका कुठे काय... आता तीस वर्षं झाली, पोरी.” ही नोकरी मला हवीय. फार हवीय. सगळ्यांच्या ‘सूनबाई’ला उत्तर म्हणून नाही – हे काम मला आवडतं म्हणून.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी आंघोळ करून आले तर माझ्या डब्याशेजारी एक जुनी फाइल! कपाटावरची, धूळ पुसलेली. बाबा फिरायला गेले होते, म्हणजे जाताना काढून ठेवली असणार. पहिलंवहिलं पुस्तक – टाइप केलेलं, साठ पानं. आणि पहिल्याच पानाच्या कडेला पेन्सिलीत –

‘कडी: येणारा दारात उभा राहतो. कुलूप: येणारा निरोप ठेवून झोपतो. कडी लावून झोपू नये.’

तीन वाक्यं! आम्ही सहाशे पानांत जे सांगू शकलो नाही ते तीन वाक्यांत. पानोपानी अशा टिपा. कुठे ‘इथे कडीच’, कुठे ‘का?’, कुठे नुसतं ठसठशीत ‘नाही’. बसमध्ये वाचताना माझा थांबा चुकला.

२० मार्च, गुरुवार

दोन दिवस मी आणि चष्मेवाली एका टेबलाला चिकटून. ती कोड वाचते, मी फाइल. कडी, कडी, कुलूप, कडी. काल तर ती फोनवर आईला म्हणाली, “कुलूप लावून निघते,” आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो. पुस्तकाची ताजी छापील प्रत घरी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवलीय. रविवारी एकदा शांतपणे चाळेन.

२१ मार्च, शुक्रवार

साहेब स्वतः लिफ्टमध्ये शिरले. आधी सगळ्यांकडे असं बघितलं की जणू निरोप घेतायत. तीनदा वर, तीनदा खाली. बाहेर येऊन मला म्हणाले, “एकतीसची वाट कशाला बघायची? पक्की.” जीव भांड्यात पडला!

मग फाइल मागून घेतली, बराच वेळ चाळली. “या माणसाचं नाव पहिल्या पानावर पाहिजे. सोमवारी त्यांना घेऊन या, छोटा सत्कार करू.” बाबांना सांगितलं तर ते नुसते “अरे वा” म्हणाले आणि चष्मा शोधायला लागले. चष्मा डोक्यावरच होता.

२३ मार्च, रविवार

चहा करताना साखरेचा डबा हातात घेतला. रोजची. चिठ्ठीवर खाली लिहिलंय – ‘झाकण घट्ट लावावे. ओला चमचा घालू नये.’ ‘झ’च्या शेपटीला गाठ. तशीच गाठ ‘कडी लावून झोपू नये’च्या ‘झ’ला.

डबा घेऊनच बाहेर आले. बाबा सत्काराच्या शर्टाला इस्त्री करत होते. डबा बघितला, इस्त्री बाजूला ठेवली. “ती टाइप करायला होती तिथे. हे असं का, ते तसं का, विचारून जीव खायची. शब्द सगळे तिचेच. मी... कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.” मला त्यांचा भयंकर राग आला. आणि माझाही – फाइल कुणी काढली तेही मी विचारलं नव्हतं.

आई जेवणाच्या टेबलाशी होत्या. हातात पेन्सिल, पुढ्यात माझी छापील प्रत.

“बरं झालं आलीस,” म्हणाल्या. “पान चाळीस बघ. एक कडी राहिलीये.”