इस्त्री केलेली पत्रं

अझुमिनो, ६ मार्च १९७६

चि. सौ. सुमिए हिस,
अ. उ. आ.

ओढ्यापलीकडे तुझं घर, हाक मारली तर ऐकू यावी, आणि भाऊ टपालाने पत्र धाडतो म्हणजे याचं डोकं फिरलं, असंच म्हणशील. म्हण बापडी. पण गावच्या एकाच सामाईक तारेच्या फोनवर बोलायची सोय आहे का? मी तोंड उघडायच्या आत वीस घरांत फोन कानाला लागलेले असतात.

तर ऐक. आमच्या पिल्लांच्या हौदात रोग शिरलाय. बोटाच्या पेराएवढे ट्राउट मासे काळे पडतात, स्वतःभोवती गरागरा फिरतात आणि तळाशी जाऊन आडवे होतात. सकाळी मेलेले उपसून काढावेत, तर दुपारी तेवढेच पुन्हा. मत्स्य केंद्राचे साहेब येऊन गेले. विषाणू आहे म्हणाले. औषध विचारलं तर नुसती मान हलवली त्यांनी.

माझं पाणी मी आता ओढ्यात सोडत नाही, रिकाम्या भातखाचरांत वळवलंय. फाटकात चुना टाकलाय. तू येऊ नकोस, आणि मोरिकाझुरावांना तर मुळीच पाठवू नकोस. कुणाची अडचण दिसली की जावईबापू बूट चढवून आधी हजर! एरवी कौतुकच आहे, पण त्या बुटांना लागूनच रोग तुमच्या तळ्यात जायचा. आणि बाहेर कुठे बोलू नकोस. हिगानच्या, पितरांच्या दिवशी, मेलेल्या माशांच्या नावाने उभ्या केलेल्या दगडापाशी पूजा आहे, यंदा मान आपल्या घराचा आहे. ती पार पडू दे, मग बघू.

पोरांना पापे. आईचा खोकला बरा आहे.

तुझा दादा,
तेइकिची

---

अझुमिनो, ८ मार्च

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

टपालवाल्याने तुझं पत्र देताना मला विचारलं, भावाशी भांडण झालंय का म्हणून. मी हो म्हणून टाकलं. पाकीट मी चिमट्याने धरलं, रोग मरावा म्हणून कागदावर दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री फिरवली आणि मगच वाचलं. हस खुशाल. तुझी सही जरा करपली आहे.

वाचल्यापासून घास उतरत नाही रे. दिवसातून दहा वेळा हौदावर ओणवी होते. एखादं पिल्लू नुसतं वळलं तरी तास तास तिथून हलत नाही. पंधरवड्यापूर्वीच अंड्यांतून बाहेर पडलीत बिचारी. ही बाबांनी जोपासलेल्या माशांचीच वेल ना! लग्नात सगळ्यांच्या मुलींना किमोनो मिळाले, मला बाबांनी टबभर मासे दिले. सासूबाई वर्षभर टोमणे मारत होत्या, आता त्याच माशांवर घर चालतंय. ह्यांना मी थोपवून धरलंय. बूट कपाटात कुलूप लावून ठेवलेत.

पण दादा, पूजेनंतर मानकऱ्याने पुलावरून जिवंत मासे ओढ्यात सोडायचे असतात, त्याचं काय? ते यंदा रद्द करशील ना? पुलाखालचं पाणी सरळ माझ्या तळ्यात येतं. तू लिहिलंच नाहीस म्हणून विचारते.

आईला सांग, नोझावानाच्या पाल्याचं लोणचं मी कुंपणाच्या खांबाला टांगून ठेवीन, तिने माझी पाठ वळल्यावर न्यावं. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
सुमिए

---

अझुमिनो, ११ मार्च

चि. सौ. सुमिए हिस,
अ. उ. आ.

लोणचं पोचलं. आईने खांबाला नमस्कार करून उचललं.

निम्म्याहून जास्त पिल्लं गेली. मोठे मासे मात्र ठणठणीत आहेत. साहेब पुन्हा आले होते. ते म्हणतात, मोठे मरत नाहीत पण रोग पोटात बाळगतात, तेव्हा सगळेच मारा, हौद कोरडे करा, चुना मारा. त्यांना सांगायला काय जातं! मी त्यांना म्हटलं, साहेब, चहा घ्या.

सुमिए, हौदातल्या म्हाताऱ्या मासोळीचं, आपल्या म्हातारीचं काय करू? बाबा गेले त्या वर्षीसुद्धा तिने टोपलंभर अंडी दिली. अजून माझी पावलं वाजली की काठाशी येते, बाबांच्या पावलांना यायची तशीच. तिच्या अंगावर डाग नाही, पोहणं कसं राजेशाही. तिला मी माझ्या हाताने मारू?

म्हणून मी ठरवलंय. हिगानला पुलावरून तिलाच सोडायची. पुण्यही पदरात आणि जीवही वाचेल. एकटी मासोळी वाहत्या पाण्यात कुणाचं काय वाकडं करणार? आणि सोडणं रद्द केलं तर लोक कारण विचारतील. एकदा का बोभाटा झाला की कुठली खानावळ आपल्या ओढ्यावरचा मासा घेईल? माझाच नव्हे, वीसही घरांचा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तू समजून घेशील.

तुझा दादा,
तेइकिची

---

अझुमिनो, १३ मार्च

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

नाही समजून घेणार.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? शेजारच्या ओमिनेबाईंनी कालच मला विचारलं की तुमच्या दादांच्या फाटकात एवढा चुना कशाला. मी म्हटलं, गोगलगायी फार झाल्यात. मार्चमध्ये गोगलगायी! तुझ्यापायी मला येडी ठरवून घ्यावं लागतंय.

म्हातारी मला परकी आहे का? लहानपणी बाबांच्या शेजारी बसून मीही तिच्या आईला खाऊ घातलाय. पण तू तिला वाचवत नाहीयेस, दादा. तू फक्त स्वतःचे हात वाचवतोयस. ती पुलाखालून जाईल, आणि चार आठवड्यांनी माझी पिल्लं गरगर फिरायला लागतील. मग खाली ओमिनेबाईंची, देवळामागच्या म्हाताऱ्या जोडप्याची, सगळ्यांची. तेव्हा बाबांची वेल तुझ्याकडेही नसेल आणि माझ्याकडेही. मेलेले मासे माफ करतील एक वेळ, पण मी कशी करू?

हेही सांगून ठेवते. तू टब घेऊन पुलावर आलास तर मी कंबरभर पाण्यात जाळं धरून उभी राहीन, सगळ्या गावादेखत. बर्फाचं पाणी आहे, न्यूमोनिया झाला तर औषधाचं तू बघ.

हे लिहितेय ते रागाने नाही, भीतीने. तुझी माया हवीच आहे मला, पण या वेळी तिच्याआधी तुझी अक्कल हवी आहे.

तुझी,
सुमिए

---

अझुमिनो, २२ मार्च

चि. सौ. सुमिए हिस,
अ. उ. आ.

आठवडाभर लिहिलं नाही, म्हणजे तू रोज खिडकीतून आमच्या चुलीचा धूर मोजत असशील. तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. हातांचं लिहिलंस ते फार लागलं. खरं होतं म्हणून लागलं.

पूजेच्या आदल्या दिवशी दुपारी तो तारेचा फोन उचलला. भटजींना सांगायचं होतं की टब येणार नाही. नेहमीसारखं घरोघरी फोन उचलल्याचं खट्, खट्, खट् वाजायला लागलं. एरवी मी चिडलो असतो, पण त्या दिवशी म्हटलं, बरंच झालं. भटजींना थांबवलं आणि जे जे ऐकत आहेत त्या सगळ्यांनी नीट ऐका म्हणून मोठ्याने सांगितलं. रोग, पिल्लं, साहेब, म्हातारी, सगळं. लपवलं तेही सांगितलं. तारेवर एकजण नाक ओढत होती, आणि ते नाक मी जन्मापासून ओळखतो.

पूजेला मी रिकामा टब नेला आणि दगडासमोर पालथा ठेवला. तू लांबून पाहिलंसच. शिव्या खायची तयारी करून गेलो होतो. ओमिनेबाई एवढंच म्हणाल्या की हिवाळ्यात त्यांच्याकडेही थोडी पिल्लं मेली होती, थंडीने असतील असं त्यांना वाटलं, आता साहेबांना बोलावते. मग आणखी दोघांनी तसंच सांगितलं. घरी आलो तर फाटकाबाहेर चुन्याची पोती रचलेली आणि वर बोतामोचीच्या गोड लाडवांचा डबा. कुणीही आत पाऊल टाकलं नव्हतं. तुझ्या नवऱ्यानेसुद्धा नाही, हे विशेष.

काल सगळे मासे मारले. म्हातारीला शेवटी ठेवलं होतं. मी गेलो तशी ती काठाशी आली. मी रडलो, सुमिए, आईदेखत, चुन्याचे हात डोळ्याला लावून, आणि मग डोळे जळतात म्हणून आणखी रडलो.

आता हौद कोरडे आहेत. पाण्याचा आवाज नाही म्हणून आईला झोप लागत नाही. हौद निर्धोक झाले असं साहेब म्हणाले, की बाबांच्या वेलीची ओंजळभर अंडी तुझ्याकडे मागायला येईन. दारात उभं करून हवे तेवढे टोमणे मार, सासूबाईंकडून शिकली आहेसच. तोवर तुझी पिल्लं सरळ पोहताहेत, एवढ्या दोन ओळी मात्र रोज पाठव. रोज. टपालवाल्याला वाटेना का भांडण वाढलंय.

तुझ्या मायेवरच हे घर उभं आहे.

तुझा दादा,
तेइकिची

ता. क. हे पत्र इस्त्री करू नकोस. आता इथे एकही मासा नाही.