गुडघ्याचे पैसे आधी कोणी द्यायचे?

आदरणीय साडूभाऊंना,

साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा वाकत नसल्यामुळे तूर्त सप्तांग समजून घ्यावा.) इकडे सगळे खुशाल. तुमची खुशाली विचारायची गरज नाही, ती आम्हाला रोज कळते. काल तुम्ही तीन मजले न थांबता चढलात, हे ताईंनी आपल्या धाकट्या बहिणीला, म्हणजे आमच्या हिला, फोनवर सांगितलं आणि हिने ते मला स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं. आनंद झाला. जेवण मात्र गेलं नाही.

मी जळत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. पण तुम्हीच बघा. गुडघे दोघांचे झिजलेले, डॉक्टर एकच, दोघांकडे सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड आणि दोघांनाही बायकोच्या नोकरीतून मिळालेला खाजगी विमा. तरी तुमचा गुडघा नवा होऊन तीन महिने झाले आणि मी पाट्या रंगवणारा माणूस अजून शिडीखाली उभा. औषधाच्या दुकानाची पाटी हात पोचला तिथपर्यंत रंगवली. वरची ओळ, म्हणजे खुद्द मालकाचं नाव, कोरी आहे. मालक रोज बाहेर येऊन आधी वर बघतो, मग माझ्याकडे बघतो. आणखी महिनाभर असंच चाललं तर तो दुसरा पेंटर बघणार आहे.

आता घोळ कुठे झाला ते सांगतो. सरकारी आणि कंपनीच्या, दोन्ही फॉर्मवर एक रकाना होता: दुसरीकडूनही खर्च मिळणार असल्यास आधी कोण देणार? तीस वर्षं पाट्या रंगवून मला एवढं कळलंय, की कोणाचं नाव वर आणि कोणाचं खाली यावरून सख्खे भाऊ दुकानं वेगळी करतात. म्हणून मी दोघांचा मान राखला. सरकारी कार्यालयाला लिहिलं, की आपण तसदी घेऊ नये, मोठा भार विमा कंपनी उचलेल, आपण उरलंसुरलं बघावं. कंपनीलाही हेच लिहिलं, फक्त तिथे सरकारचं नाव घातलं. (तेही लाल शाईने अधोरेखित करून.) वाटलं, ओझं कमी बघून दोघेही खूश होतील आणि पटकन शिक्का मारतील. खूश झालेही, आणि निवांत वाट बघत बसले. कंपनी म्हणे, सरकारने किती दिले ते कळवा. सरकार म्हणे, कंपनीचं पत्र आणा. चार महिने मी लंगडत या खिडकीवरून त्या खिडकीवर.

शेवटी सरकारी खिडकीवरच्या बाईंनी दोन्ही फॉर्म शेजारी ठेवले आणि चष्मा काढला. ‘‘काका, हे तुम्ही ठरवायचं नसतं हो. बायको नोकरीत आहे ना? मग आधी तिच्याकडचा विमा, उरलेलं आम्ही. नियमच आहे तसा.’’

आणि खरी आग पुढेच आहे. तुमचा फॉर्म मीच भरला होता! माझं अक्षर चांगलं म्हणून तुम्ही तो माझ्यापुढे टाकून फिरायला गेलात. मी वैतागलो होतो, म्हणून विचारलं तेवढंच खरडलं: बायको नोकरीत, विमा तिच्या ऑफिसचा. ‘आधी कोण देणार’चा रकाना सरळ रिकामा सोडला. तो फॉर्म आठ दिवसांत मंजूर! तुमच्यासाठी केलेली हयगय तुम्हाला फळली आणि स्वतःसाठी घेतलेले कष्ट मला नडले. माणसाने जळू नये तर काय करावं? हो, जळतो. अगदी मनापासून जळतो.

ताईंना नमस्कार सांगावा.

आपला,
(एका पायावर उभा) धाकटा साडू

ता. क. फॉर्म दुरुस्त करून दिला आणि परवा मंजुरी आली. मंगळवारी ऑपरेशन. म्हणजे वरची तक्रार शिळी आहे, पण इतक्या सुंदर अक्षरात उतरली होती की फाडवेना.

पुन्हा ता. क. हे हिला सांगू नका. मी फार घाबरलोय. चार महिने सरकारच्या आणि कंपनीच्या नावाने बोटं मोडली खरी, पण रोज सकाळी ‘आजही मंजुरी नाही’ म्हटलं की आतून हायसं वाटायचं. तुम्ही ऑपरेशनला हसत हसत आत गेला होतात. गुडघ्यापेक्षा मला त्याचाच जास्त हेवा वाटतो. मंगळवारी सकाळी सातला हॉस्पिटलात या आणि दारातच उभे राहा. मी ऐनवेळी पळालो तर मला गाठू शकेल असा गुडघा आपल्या घरात सध्या तुमच्याकडेच आहे.