रांगेतले रुमाल

३ डिसेंबर २००७, सोमवार

रांगेत अकरावा नंबर! तीन वाजता कोड दिला, बिल्ड सुरू झालं साडेसहाला. बिल्ड म्हणजे सगळ्यांचा कोड जोडून तपासणं; ऑफिसात त्याचं मशीन एकच, एका बिल्डला वीस मिनिटं, आणि नियम असा की आपलं बिल्ड हिरवं, म्हणजे पास, झाल्याशिवाय घरी जायचं नाही. सिन्नरला पोचलो तर साडेआठ. चिऊ झोपलेली.

मार्चमध्ये सुवर्णा गेली, तेव्हापासून लेक आजीकडे आहे. मी रोज संध्याकाळी जातो, सकाळी परत येतो. सासूबाई म्हणाल्या, "आठपर्यंत वाट बघितली पोरीनं. लय रडली. उद्या तरी लवकर या." हो म्हणालो.

४ डिसेंबर

नववा नंबर. चिऊ झोपलेली.

५ डिसेंबर, बुधवार

आज साडेनऊलाच पोचलो. ऑफिसात कोणी नाही, सगळे खाली मिसळ खायला. म्हटलं, आज पहिला नंबर! बघतो तर रांगेत आधीच सात.

शेजारच्या टेबलावरच्या तृप्तीला विचारलं. ती हसतच सुटली. "दिनेश सर, खरंच माहीत नाही? एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, तसं!" फाइलमध्ये एक रिकामी ओळ घालायची आणि नंबर लावून ठेवायचा. पाळी आली की मशीन त्या क्षणाचा ताजा कोड उचलतं, तोवर खरं काम करून टाकायचं. पलीकडच्या टेबलावरच्या स्वराजचे एकट्याचे चार रुमाल!

"तुम्ही एकही टाकत नाही?"

"नाही."

"अरे देवा! म्हणून तुम्ही रोज शेवटी."

७ डिसेंबर

मीही रुमाल टाकला. जेवायला गेलो, तेवढ्यात पाळी येऊन गेली – रिकामी ओळ तपासून झाली! पुन्हा शेवटी उभा. आपल्याला हे जमायचं नाही.

१० डिसेंबर, सोमवार

संध्याकाळी द्वारका चौकात सिन्नरची जीप धरली. एक गृहस्थ फार घाई करत होते, भरायच्या आधीच जीप सोडा म्हणून. ड्रायव्हर गोटीराम म्हणाला, "येकयेकाला सोडाया गेलो तर सिन्नर दिवाळीला यील! सरका जरा आत."

रस्ताभर तेच डोक्यात. मशीन जर सगळ्यांचाच ताजा कोड उचलतं, तर प्रत्येकाची वेगळी फेरी कशाला? एक फेरी चालू, एक उभी. मधे जो येईल तो उभ्या फेरीत बसेल. बस, एवढंच! एकटाच हसलो. शेजारच्या बाईंनी पिशवी जवळ ओढून घेतली.

चिऊ झोपलेली.

११ डिसेंबर

मिटिंगमध्ये बोलायचं मी टाळतोच. जीपचं उदाहरण घालून सहा ओळी कागदावर लिहिल्या आणि माझ्याऐवजी वाचायला तृप्तीला दिल्या. तिने कागद परत माझ्याच हातात ठेवला. "जीप तुमची, तुम्हीच चालवा."

बोललो. स्वराज म्हणाला, "एकाचा कोड चुकला तर सगळ्यांचं लाल होईल की!" मी म्हटलं, "मग सगळे मिळून शोधू. आता चार-चार तास बसून एकेकटे शोधतोच आहोत." इतकं मी या ऑफिसात वर्षभरात बोललो नसेन.

दुपारी मशीनवर बदल केला. रांगेतले एकोणीस नंबर पुसून टाकले. स्वराज आपल्या रुमालांना हात जोडून उभा! सगळे पोट धरून हसले, मीसुद्धा.

१२ डिसेंबर

दिवसभरात कोणालाही पाऊण तासाच्या वर थांबावं लागलं नाही. साडेपाचला ऑफिस रिकामं झालं! बदल नीट चालतोय का ते बघायला मी थांबलो. चिऊ झोपलेली.

१३ डिसेंबर, गुरुवार

रांगेत कोणीच नाही. पाचला माझं बिल्ड हिरवं. सात वाजेपर्यंत तसाच खुर्चीत बसून. तृप्ती जाताना म्हणाली, "सर, आता कशासाठी थांबलात?" "मशीन बघतोय," म्हणालो.

इथे खरं लिहितो. चिऊ हसली की हुबेहूब सुवर्णा दिसते. झोपेत तशी दिसत नाही. म्हणून थांबतो.

पावणेनऊला पोचलो. सासूबाई दारातच – "आत्ताच डोळा लागलाय तिचा."

उठवलं.