नियम येण्याआधी

देवबाग

प्रिय रसिका,

फोनवर रोज बोलतो आपण, तरी पत्र लिहायला बसले आहे. दुपार कलली आहे. तुझे बाबा पडवीत झोपलेत. खाडीचं पाणी इतकं स्वस्थ आहे की माडांच्या सावल्या हलायच्या विसरल्यात. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर आपलं घर. इतकी वर्षं इथे नांदते, तरी अशा वेळी मला हे सगळं स्वप्नातलंच वाटतं.

तू पुण्यात कंपन्यांना नव्या सरकारी नियमांसाठी तयार करतेस. म्हणून आपल्यासारख्या पर्यटकांना फिरवणाऱ्यांच्या होड्यांवर कडक नियम येणार अशी कुणकुण लागली तेव्हा आम्ही तुलाच विचारलं. तू म्हणालीस, नियम आल्यावर धावपळ करू नका, आत्तापासून तसंच वागायला लागा. बाबा कुरकुरले खूप, पण लेकीचा शब्द! चांगली जाकिटं आणली, माणसं कमी बसवायला लागलो, इंजिन तपासून घेतलं. शेजारचे महादूकाका चेष्टा करायचे, "रविकांता, नियम अजून मुंबैत आसा, तू खंय धावतस?"

सुटण्याआधी प्रवाशांना सूचना द्यायचं तेवढं जमेना. बाबा घसा फोडून सांगत आणि पाहुणे फोटो काढत. मग एका सकाळी बाबांनी चिडून हात जोडले आणि देवळात घालतात तसं गाऱ्हाणंच घातलं. "बा देवा म्हाराजा, ही पावणी तुझ्या दर्यार इली आसत, तेंका सुखरूप परत हाड रे म्हाराजा! जाकिटाचो पट्टो कोण सोडूचो नाय रे म्हाराजा! फोटोसाठी कोण उभो रवाचो नाय रे म्हाराजा!" मी सवयीने मागून "होय म्हाराजा" म्हटलं, आणि सगळी होडी माझ्यामागोमाग ओरडली. आता पाहुणे गाऱ्हाण्यासाठी आधी येऊन बसतात आणि महादूकाका ते पाठ करताहेत.

मग राहिली एकच गोष्ट. सुकाणू धरणाऱ्याचे डोळे तपासायचे. आज भरती आहे, उद्या पाहुणे आहेत, असं करत बाबा ती टाळत राहिले. मला कळेना, एवढा धीट माणूस डॉक्टरला का भितो. एका सकाळी आम्ही दोघंच होडी घेऊन खाडीच्या मुखाशी गेलो होतो. बाबा हळूच म्हणाले, "आज धुका दाट आसा गो." मी "होय" म्हटलं. धुकं नव्हतंच, रसिका. पलीकडच्या काठावरचा माड न् माड दिसत होता.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना मालवणला नेलं. डॉक्टरांनी सुकाणू धरायला साफ मनाई केली. नियम लागू व्हायला अवकाश आहे. हा मोसम गुपचूप निघाला असता, कोणी विचारलं नसतं. पण बाबांनी घरी येऊन मलाच होडीच्या मागच्या फळीवर बसवलं आणि म्हणाले, "आता तू धर." मी माहेरी आचऱ्याच्या खाडीत होडी चालवत वाढलेली, हात विसरला नव्हता. परवान्याच्या प्रशिक्षणाला नाव घातलं आहे. तोवर पाहुण्यांच्या फेऱ्यांना महादूकाकांचा विकी येतो, मी रिकाम्या होडीवर शिकते. बाबा पुढे बसून वारा सांगतात, आणि मला चिडवतातही, बायको आता खऱ्या अर्थाने घर चालवते म्हणून.

हे तुला कळू द्यायचं नाही अशी शपथ घातली आहे त्यांनी. तू नोकरी सोडून धावत येशील, ही त्यांची भीती. म्हणून फोनवर बोलले नाही, ते कायम शेजारीच असतात. नोकरी सोडू नकोस. होडी चालेल, मी आहे. पण डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, उजवा डोळा गेलाच आहे, डावा किती साथ देईल सांगता येत नाही. मला फार भीती वाटते गो. काल जेवताना बाबांनी विचारलं, "रसिकाच्या गालार खळी पडता ती डावीकडे की उजवीकडे?" मी सांगितलं नाही. तू ये, आणि हसून दाखव त्यांना.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
आई