दिवे लागल्यावर विरजण

आदिलाबाद
६ जुलै २०२५

ती. पद्मिनी आत्यास,
जान्हवीचा शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, तेव्हा आधी रागावून घे, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. ऑफिस ठीक आहे. बाबांचा गुडघा ठीक नाही, पण ते कबूल करत नाहीत.

फोनवर अर्धवट सांगितलेलं काम आता नीट सांगते. रक्ताचे काही आजार असे असतात की माणसाच्या शरीरात नवं रक्त तयारच होत नाही. त्याला दुसऱ्या कुणाच्या तरी मूलपेशी लागतात, आणि त्या जुळाव्या लागतात. घरात बहुधा जुळत नाहीत. म्हणून आमची संस्था शाळा-कॉलेजांत जाऊन अठरा पूर्ण झालेल्या मुलांची नावं नोंदवते. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, बस. पुढे कधी कुणाशी जुळलं तर बोलावणं येतं. बहुतेकांना येतच नाही. शनिवारी सुट्टी असते, तेव्हा मी संस्थेच्या लोकांबरोबर जाते.

काल तामसीला गेलो होतो. मी सगळं खरं सांगितलं. बोलावणं आलं तर पाच दिवस इंजेक्शनं घ्यावी लागतील, अंग ठणकेल, मग हातात सुई लावून अर्धा दिवस खुर्चीत बसावं लागेल. आणि शेवटचं हो म्हटल्यावर मागे फिरलात तर समोरचा वाचणार नाही, कारण तोवर त्याच्या स्वतःच्या पेशी औषधांनी संपवलेल्या असतात. मुलांचे चेहरे बघण्यासारखे झाले. मोजकीच पुढे आली. एकाला अठरा व्हायला महिना होता, त्यालाही मी परत पाठवलं. आमचा प्रमुख आलोकदादा परतताना म्हणाला की पुढच्या वेळी जान्हवीला बसमध्येच बसवून ठेवू, ती दाते गोळा करत नाही, पळवून लावते.

आत्या, खोटं न बोलता हे सांगायची काही रीत आहे का? तू आयुष्यभर मुलांना शिकवलंस. मला तर पाटी-पेन्सिलही तूच धरायला शिकवलीस. सांग.

लोभ आहे तितका पुरतो. वाढला तर नको म्हणणार नाही.

तुझी,
जान्हवी

---

बेला
१३ जुलै २०२५

चि. जान्हवीस,
अ. उ. आ.

रागावून झाले. आता ऐक.

मूलपेशी हा शब्द गळ्याखाली उतरायला मला दोन घोट पाणी लागले. शेजारच्या भागाबाईला वाचून दाखवले, तर तिला वाटले कुणाच्या तरी मुलाची तहसिलात तारखेची पेशी आहे. हसू नकोस, तुझी अर्धी मुलेही तेच समजत असतील.

तू विरजण सांग. भागाबाई माझ्याकडून चमचाभर विरजण नेते. माझे दही कमी होते का? उद्या पुन्हा भांडे भरलेलेच. तिच्या घरच्या दुधाचे मात्र दही लागते, आणि त्याचे काय केले हे मी विचारत नाही. एवढे आमच्या गावातल्या कुठल्याही मुलाला कळेल. खरे सांगायचे सोडू नकोस, तो तुझा स्वभाव आहे आणि तो मीच लावला आहे. फक्त सुईच्या आधी विरजण सांग.

इथल्या कॉलेजचे चंपतराव माझे विद्यार्थी. त्यांना सांगून ठेवले आहे. ते म्हणाले, बाईंची भाची आहे म्हटल्यावर नाही कसे म्हणू. मी म्हटले, भाची म्हणून नको, काम म्हणून बोलवा. मीही येईन. पुढच्या खुर्चीत बसेन आणि तू कुठे चुकतेस ते बघेन.

शामला म्हणावे, गुडघ्याला तीळतेल लाव.

लोभ आहे. किती ते मोजत बसू नकोस.

तुझी,
आत्या

---

आदिलाबाद
२४ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बेल्याच्या त्या दिवसाची गोष्ट आलोकदादा आता प्रत्येक कॉलेजात सांगतो, आणि दर वेळी तुझी उंची थोडी वाढवतो.

त्याच्या तोंडून ऐकायची म्हणजे अशी: बस रस्त्यात बंद पडली, पोचायला संध्याकाळ झाली. पद्मिनीबाईंनी विरजण सांगितलं आणि पोरांची रांग लागली. निम्म्या मुलांचं झालं तेवढ्यात वीज गेली, शिपायाने दिवा लावला. आणि रांगेतल्या सुनयनाने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. काऊन म्हणून विचारलं तर म्हणाली का दिवे लागल्यावर विरजण देत नसतात, घरातली बरकत जाते. तिच्या मागच्या सगळ्यांनी तोंडं मिटली. आलोकदादाने आशेने तुझ्याकडे पाहिलं, की आता बाई समजावतील. तर तू उठून म्हणालीस की पोरगी बरोबर बोलते, सकाळी या!

तो डोक्याला हात लावून शेवटच्या बसने गेला. मी राहिले, आणि सकाळी अख्खी रांग न्हाऊन, केसांना तेल लावून हजर. सुनयनाने तर दोन चुलत बहिणीही आणल्या. मी त्यांना रात्री जबरदस्ती केली नाही याचं मला अजून बरं वाटतं.

पण दोन गोष्टी मनातून जात नाहीत. एक, तुझ्या दाखल्यात थोडी खोट आहे. विरजण कुठल्याही घरचं चालतं. इथे एकाच घरचं चालतं, आणि ते घर कुठलं हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. दुसरी, सुनयनाने मला विचारलं का ताई, तुमी सोता देलं काय. मी सांगितलं की दोन वर्षांपूर्वी काडी दिली, बोलावणं आलं नाही. ती म्हणाली, मंग थोडंच दुखते हे तुमाले कसं मालूम? तो प्रश्न मी वहीत लिहून ठेवला आहे.

लोभ असू दे, आणि आलोकदादावरही थोडा.

तुझी,
जान्हवी

---

आदिलाबाद
९ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, मला बोलावणं आलं.

मागच्या महिन्यात फोन आला होता. जुळणी पक्की करायला रक्त तपासलं, मग मलाही तपासलं, सगळं ठीक निघालं. तुला आधी सांगितलं नाही, कारण जुळलं नसतं तर उगाच तुझ्या जिवाला घोर. कुणासाठी ते सांगत नाहीत. मूल लहान आहे, एवढंच कळलं. मुलगा की मुलगी, कुठल्या गावचं, काही नाही. दुसरं कुणी त्याच्याशी जुळलेलं नाही, हेही विचारल्यावर सांगितलं.

हैदराबादला जावं लागेल. बाबांना सांगितलं तर ते बराच वेळ पेपर वाचत राहिले. पेपर उलटा नव्हता, पण पान बदलत नव्हतं. मग म्हणाले की अक्काला विचार, तिने तुला वाढवलं, ती म्हणेल तसं.

म्हणून विचारते.

जान्हवी

---

बेला
१२ नोव्हेंबर २०२५

चि. जान्हवीस,
अ. उ. आ.

तुझ्या आजोबांच्या दफ्तरी भाषेत सांगते: दरखास्त नामंजूर.

तू पाच वर्षांची असताना विषमज्वराने माझ्या मांडीवर काडी होऊन पडली होतीस. शाम आणि तुझी आई (ती तेव्हा होती) वारंगळला बदलीवर. ते दिवस त्यांनी पाहिले नाहीत, मी पाहिले. तुझे अंग तेव्हापासून असेच. जिना चढलीस की धाप लागते. डॉक्टर ठीक म्हणतात ते कागद पाहून म्हणतात.

दुसरे, मार्गशीर्षात किनवटची मंडळी तुझ्या लग्नाची बोलणी करायला यायची आहेत. भार्गव चांगला मुलगा आहे, पण घरात चार बायका आहेत आणि चारही बोलतात. मुलीचे इस्पितळात काय काढून घेतले, हे विचारल्यावाचून राहणार नाहीत.

कॉलेजात मी विरजण सांगितले ते खोटे नव्हते, हे तू म्हणण्याआधी मीच म्हणते. दुसऱ्यांच्या मुलांना मी सांगितले आणि स्वतःवर आल्यावर मागे सरते आहे, हेही मला दिसते. दिसू दे. त्यांच्या घरची मुले ते विरजण देतील. तू माझे चमचाभर विरजण नाहीस, अख्खे भांडे आहेस.

हे फोनवर बोलायचे नाही. फोनवर माणूस हो हो म्हणून सुटतो.

लोभ आहे म्हणूनच नाही म्हणते.

आत्या

---

आदिलाबाद
१५ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि बाबांना एकदाच दाखवलं.

मी तुला पटवणार नाही. कुठल्याच मुलाला मी पटवलं नाही. घरी विचारा, घर नाही म्हणालं तर लगेच कळवा, उशीर करू नका, एवढंच आम्ही सांगतो. त्याच नियमाने तुला विचारलं.

माझं स्वतःचं हो आहे. पण मला भीतीही वाटते, आणि ती तुझ्यापासून कशी लपवू? इंजेक्शनाच्या नुसत्या वासाने मी दाराकडे निघते. मला माझीच खात्री वाटत नाही. तुझं ‘नाही’ पोटात घेऊन गेले आणि मध्येच उठले, तर तोवर त्या मुलाचं स्वतःचं काहीच उरलेलं नसेल. त्यापेक्षा आधीच नाही सांगितलेलं बरं. निदान डॉक्टर त्याच्या आहेत त्या पेशींवर काहीतरी करून बघतील. शेवटचा निरोप सोमवारी, २४ तारखेला सकाळी द्यायचा आहे. तोवर तुझं उत्तर आलं तर तेच कळवीन. नाही आलं तर तुझं पहिलं उत्तर तेच शेवटचं समजेन.

भार्गवला मी फोन करून सांगून टाकलं. लपवून लग्न करायचं नव्हतं. त्याने नीट ऐकलं आणि विचारलं की तिकडे दवाखान्यात डबा कोण आणून देणार, कारण त्याचे मामा हैदराबादला राहतात. चार बायकांचं मला माहीत नाही.

लोभाबद्दल आज काही मागत नाही.

तुझी,
जान्हवी

---

बेला
२२ नोव्हेंबर २०२५

चि. जान्हवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र टपालाने वेळेत पोचायचे नाही. उद्या सकाळच्या बसच्या कंडक्टरजवळ देते. शामला स्टँडवर उभे राहायला फोन केला आहे. काय आहे ते त्याला सांगितलेले नाही, त्याला जरा उभा राहू दे.

काल दिवेलागणीला देवापाशी निरांजन लावून वळते तर दारात भागाबाई, हातात वाटी. मांजराने तिचे दह्याचे भांडे सांडले. तिची नात तापातून उठली आहे, आणि पोर सकाळपासून दहीभात दहीभात करते आहे. विरजण पाहिजे होते. मी सवयीने म्हणाले की भागाबाई, दिवे लागले, सकाळी ये.

ती हलली नाही. म्हणाली का सकाळी नेलं त लागंन कवा अन् पोरगी खाईन कवा? मी म्हटले, रीत आहे ती रीत आहे. तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली का वा बाई, कॉलेजात पोरायले सांगता का देल्यानं कमी होत नाई, अन् घरी आलं का दिव्याचं नाव करता. दिवा आडवा येते का तुमचंच भेव आडवं येते?

तिला तुझ्याबद्दल काही ठाऊक नाही. मी कुणाला बोलले नाही. ती विरजणाचेच बोलत होती. पण मी पाटावर जाऊन बसले. तिला वाटले माझा बीपी वाढला. पाणी आणून दिले आणि बडबड करत राहिली, का एवढं लागत असन त नका देऊ बाई, मी चहावर भागवतो पोरीले.

मी उठले आणि दिले. या घरातून दिवे लागल्यावर दही बाहेर गेले ते पहिल्यांदाच. रात्री काही कोसळले नाही. सकाळी माझे भांडे भरलेले होते, दही जरा आंबट, ते थंडीत भांड्यावर जास्त पांघरूण घातल्यामुळे. भागाबाईची नात दारावरून हात दाखवून गेली.

दरखास्त मंजूर.

भीती वाटते ती वाटू दे. मलाही वाटते. माझी भीती मी इथेच ठेवून घेते, ती बरोबर नेऊ नकोस. शामला घेऊन जा. मी येत नाही, आले तर तिथल्या नर्सबाईंना शिकवत बसेन. किनवटच्या चार बायका माझ्याकडे पाठव, त्या चार आणि मी एक, पुरी पडेन. डबा विचारणारा मुलगा मला आवडला, हे त्याला एवढ्यात कळू देऊ नकोस.

लोभ जसा होता तसाच आहे, जरा आंबट असला तरी.

तुझी,
आत्या

---

हैदराबाद
४ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी बरी आहे. हे पहिल्याच ओळीत लिहिते, म्हणजे पुढचं तू बसून वाचशील.

सुनयनाला आता खरं उत्तर देता येईल. कापूस वेचून आल्यावर दुखते तशी कंबर दुखली, आणि रात्री मांड्यांच्या हाडांत ठणका होता. थोडंच दुखतं असं मी यापुढे म्हणणार नाही. दुखतं आणि राहतं, असं म्हणेन. पहिल्या इंजेक्शनाला मला घेरी आली. पाचव्याला बाबांना आली. काल नर्सने खुर्चीत बसवून दोन्ही हातांना नळ्या लावल्या आणि तेलुगूत विचारलं की कुणाला द्यायला आलीस, माहीत आहे का. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, आम्हालाही नाही. मग मी डोळे मिटून तुझी ओसरी आठवत बसले. मध्ये एकदा उठून जावंसं वाटलं, आत्या, खोटं कशाला सांगू. तेव्हा तुझी भीती शोधली, ती खरंच बरोबर आणली नव्हती. बसून राहिले.

एवढ्या सगळ्यातून एक लहानशी पिशवी भरली. रंग टोमॅटोच्या सारासारखा. भार्गवच्या मामींच्या डब्यात योगायोगाने सारच होतं. बाबांनी ते बाजूला ठेवलं, मी प्यायले.

पिशवीसाठी संस्थेचा माणूस निळी पेटी घेऊन आला. कुठे नेणार, मी विचारलं नाही. त्याने झाकण लावलं तेवढ्यात संध्याकाळ झाली म्हणून कुणीतरी बाहेरच्या गॅलरीत बटणं दाबली आणि एकेक करून सगळे दिवे लागले. तो पेटी घेऊन त्या उजेडातून निघाला. माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं की भाऊ, सकाळी न्या. मग एकटीच हसत सुटले. बाबांना वाटलं मला पुन्हा घेरी आली.

दिवे लागले होते, आत्या. तरी दिलं.

शनिवारी बेल्याला येते आहे. लोभ झाकून ठेव, आणि दहीभात कर.

तुझी,
जान्हवी